बार-हॉटेलातल्या रिकाम्या काचेच्या बाटल्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाटली रिकामी होते ती काउंटरमागे, आणि तिचं पुढे काय होणार हेही बहुतेक वेळा तिथेच, पहिल्या पाच-दहा सेकंदांत ठरून जातं. ट्रक, कारखाना, भट्टी हे सगळं नंतरचं. बारमध्ये, हॉटेलच्या स्टोअरमध्ये, मेजवानीच्या हॉलमध्ये रिकाम्या बाटल्या हाताळणारी माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. काही उत्तरं जास्तच लांबली आहेत, कारण तिथेच सगळे अडखळतात.

काचेच्या बाटलीची खरंच पुन्हा बाटली होते का?

होते, आणि कितीही वेळा होते. कागदाचा तंतू दर फेरीला आखूड होत जातो, प्लास्टिकचा दर्जा उतरतो. काच वितळवली की पुन्हा पहिल्यासारखी काच.

बाटलीची काच म्हणजे मुख्यतः वाळू, सोडा अ‍ॅश आणि चुनखडी, सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळवलेली. या मिश्रणात जुन्या बाटल्यांची फोडलेली काच घालतात. धंद्यात तिला 'कलेट' म्हणतात. ही आधीच काच झालेली असल्यामुळे तिला वितळायला कमी उष्णता लागते. ढोबळ हिशेब असा, की मिश्रणात दर १० टक्के कलेट वाढली की भट्टीची ऊर्जा अडीच ते तीन टक्क्यांनी कमी लागते. शिवाय चुनखडी आणि सोडा अ‍ॅश तापल्या की त्यांच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, कलेटमधून तो निघत नाही. म्हणूनच एक टन कलेट वापरली की सुमारे १.२ टन कच्चा माल वाचतो. वरचे ते दोनशे किलो एरवी बरेचसे वायू होऊन धुराड्यातून गेले असते.

हे सगळं खरं, पण बाटलीचीच काच असेल तर. पुढचा प्रश्न त्याचाच.

फुटलेले ग्लास, कप, बशा त्याच डब्यात टाकल्या तर काय बिघडतं? काच ती काचच ना?

इथेच सगळ्यात जास्त माल वाया जातो, म्हणून जरा सविस्तर.

चिनी माती, पोर्सेलिन, दगड हे बाटलीच्या भट्टीत वितळतच नाहीत. त्यांचा बारीक खडा तसाच राहतो आणि नव्या बाटलीच्या अंगात जाऊन बसतो. बाटली थंड होताना काच आकसते, तो खडा तेवढा आकसत नाही, आणि त्याच्याभोवती ताण साठतो. मग ती बाटली कधी भरताना फुटते, कधी कोणाच्या हातात. कारखान्याला ही जोखीम परवडत नाही, म्हणून तपासणीत चिनी मातीचे तुकडे ठरावीक प्रमाणाबाहेर दिसले की अख्खी गाडी परत पाठवतात किंवा दर पाडतात.

भट्टीत आणि ओव्हनमध्ये चालणारी उष्णतारोधक काच दिसायला अगदी बाटलीसारखी असते, पण तिची घडण वेगळी. तिला वितळायला जास्त तापमान लागतं. सगळ्यात फसवी म्हणजे काच-सिरॅमिक, शेगडीच्या गुळगुळीत पृष्ठभागाला वापरतात ती. साध्या डोळ्यांना तिचा तुकडा ओळखू येत नाही. क्रिस्टलच्या पेल्यांत शिसं असू शकतं. अस्सल लेड क्रिस्टलमध्ये लेड ऑक्साइडचं प्रमाण २४ टक्के किंवा त्याहून जास्त असतं, आणि खाण्यापिण्याच्या बाटलीत शिसं कोणालाच नको असतं. साधे पाण्याचे पेले पुष्कळदा बाटलीसारख्याच काचेचे असतात हे खरं, पण रात्री दीड वाजता कोणता पेला कशाचा हे कोण बघणार? म्हणून नियम सोपा ठेवा: डब्यात फक्त बाटल्या आणि बरण्या.

मी ज्या हॉटेलात स्टोअर बघत होतो, तिथे एकदा न्याहारीच्या पाळीतल्या कोणीतरी फुटलेल्या चार-पाच बशा 'काचच आहे' म्हणून बाटल्यांच्या पिंपात लोटल्या. बाटल्या नेणाऱ्या मुकादमाने पिंप कलतं केलं, पांढरा काठ बघितला आणि काही न बोलता झाकण लावून निघून गेला. आठवडाभराचा माल तिथेच पडून राहिला. नंतर आम्ही दोघांनी हातमोजे घालून एकेक बाटली काढली. त्या दुपारनंतर बशा पुन्हा त्या पिंपात गेल्या नाहीत.

यादीच द्या. काय चालतं?

बियर, वाइन, दारू, सोडा, पाणी, सरबत, सॉस यांच्या बाटल्या आणि लोणची-जॅमच्या बरण्या चालतात. पेले, आरसे, खिडकीची काच, बल्ब, ट्यूब, मेणबत्तीचे जाड भांडे, चिनी मातीची दारूची सुरई चालत नाही. शेवटच्या वस्तूकडे विशेष लक्ष द्या. काही दारू पोर्सेलिनच्या शोभिवंत बाटलीत येते आणि ती 'बाटली'च असल्यामुळे हात आपोआप काचेच्या डब्याकडे जातो.

तारेच्या पकडीने बंद होणाऱ्या बाटल्यांचंही तसंच. बाटली काचेची, पण वरचं बूच बऱ्याचदा पोर्सेलिनचं. ते तारेसकट काढून टाकायचं.

झाकणं, बुचं, लेबलं काढायची का?

लेबल राहू द्या. कागद पुढे निघतो, किंवा भट्टीत जळतो.

झाकण मात्र काढा. कारखान्यात लोखंडी झाकणं चुंबकाने काढतात आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळं यंत्र असतं, पण काहीतरी सुटतंच. सुटलेलं अ‍ॅल्युमिनियम भट्टीत वितळलेल्या काचेशी अशी क्रिया करतं की सिलिकॉन धातूचे बारीक मणी तयार होतात. ते मणी बाटलीत अडकले की ती जागा कच्ची. तेव्हा काउंटरखाली झाकणांसाठी एक छोटा डबा ठेवा. पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम भंगारात जातं, त्याचे वेगळे पैसे येतात. दारूच्या बाटलीच्या तोंडात बसवलेली प्लास्टिकची ओतणी चिमट्याने निघते. नाही निघाली तर तिच्यासाठी पाच मिनिटं घालवू नका. नैसर्गिक बूच वेगळं ठेवता आलं तर उत्तम.

बाटल्या धुऊनच द्यायच्या का?

धुवायची गरज नाही, निथळा. बाटली उलटी करून शेवटचा थेंब सिंकमध्ये जाऊ द्या, एवढं पुरतं. गरम पाणी आणि साबण घालून बाटल्या धुणं म्हणजे एका हाताने वाचवून दुसऱ्या हाताने सांडणं.

निथळायचं कारण वेगळंच आहे. तळाला राहिलेली बियर आणि गोड मिश्रणं आंबतात, आणि त्या वासावर फळमाश्या येतात. एकदा त्या काउंटरमागे स्थिरावल्या की लिंबाच्या फोडींपासून ओतण्यांच्या तोंडापर्यंत सगळीकडे दिसू लागतात, आणि ग्राहकाच्या पेल्यात एक पडली की तक्रार ठरलेली. गोड लिकर आणि सरबताच्या बाटल्यांना अर्धी वाटी पाणी घालून एकदा हलवलंत तर बरं. शिवाय बाटलीतला द्रव वजन वाढवतो, आणि वजनावर पैसे मोजणारा त्याचा हिशेब आधी करतो.

बाटलीत सिगारेटची थोटकं टाकू देऊ नका. ही सूचना लोक हसण्यावारी नेतात, पण पुन्हा भरायच्या बाटलीत ती चिकटली की धुण्याच्या यंत्रालाही निघत नाहीत.

रंगाप्रमाणे वेगळं करायचं का?

गोळा करणारा मागत असेल तर नक्की करा. मागत नसला तरी पांढरी, म्हणजे बिनरंगी काच वेगळी ठेवण्यात फायदा आहे.

कारण असं. बिनरंगी बाटलीसाठी कलेटमध्ये रंगीत काच जवळजवळ चालत नाही, एवढीशी हिरवी काच मिसळली तरी सगळ्या बॅचवर झाक येते. तपकिरी काच थोडं मिश्रण सोसते, हिरवी सगळ्यात जास्त, म्हणूनच मिसळलेली काच बहुधा हिरव्या बाटल्यांच्या भट्टीकडे जाते. तपकिरी रंग लोखंड, गंधक आणि कार्बन यांच्या मिश्रणातून येतो, हिरवा बहुतेकदा क्रोमियम ऑक्साइडमुळे. बियर तपकिरी बाटलीत का येते हेही यातच आलं. उजेडातल्या काही लहरी हॉप्समधल्या, म्हणजे बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, घटकांना बिघडवतात आणि बियरला घाणेरडा वास येतो. तपकिरी काच त्या लहरी अडवते.

आज कारखान्यांत कॅमेरे तुकड्याचा रंग ओळखतात आणि हवेच्या झोताने तो बाजूला उडवतात. पण ही यंत्रं चांगल्या आकाराच्या तुकड्यांवर चालतात. चुरा झालेल्या काचेचा रंग त्यांना वेगळा काढता येत नाही. निळ्या बाटल्या कुठे, असं विचाराल तर बहुतेक ठिकाणी हिरव्यांबरोबर.

पुन्हा भरायच्या बाटल्या आणि वितळवायच्या बाटल्या, दोन्ही एकाच डब्यात?

अजिबात नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात महागडी चूक हीच.

पुन्हा भरायची बाटली मुद्दाम जाड आणि जड बनवलेली असते. ती क्रेटमधून परत जाते, गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतली जाते, कॅमेऱ्याखालून तपासली जाते आणि पुन्हा भरून येते. नीट वापरली तर अशा वीस-पंचवीस फेऱ्या सहज होतात, कित्येकदा जास्तही. जुन्या क्रेटमधली बाटली हातात घेऊन बघा. खांद्यावर आणि तळाशी पांढुरका, खरवडल्यासारखा पट्टा दिसेल. भरण्याच्या पट्ट्यावर आणि क्रेटमध्ये बाटल्या एकमेकींना घासून तो उमटतो. जितक्या फेऱ्या, तितका पट्टा रुंद. बाटलीचं वय सांगणारी तेवढी एकच खूण.

वितळवायला भट्टी लागते, धुवायला लागत नाही. म्हणून बाटली जवळच्याच कारखान्यात भरायला परत जात असेल तर पुन्हा भरणंच बरं. ती लांबच्या प्रवासाला जाणार असेल तर जड बाटली ओढून नेण्यातच फायदा झिजतो. परत जाणारी बाटली क्रेटमध्येच ठेवा, तोंडाचा टवका उडू देऊ नका. टवका उडालेली बाटली भरणारा कारखाना बाद करतो, कारण त्या कडेवर झाकण हवाबंद बसत नाही. तोंडाने झाकण उघडणाऱ्यांना हे एकदा दाखवा. दातांपेक्षा बाटलीचीच काळजी त्यांना जास्त वाटेल, निदान तिच्यावर अनामत रक्कम असते म्हणून तरी.

अनामत रकमेची पद्धत कुठून आली?

बाटली परत केली की पैसे, ही रीत दुकानदार आणि भरणारे फार पूर्वीपासून पाळत आले आहेत. अमेरिकेत ती कायद्याने पहिल्यांदा बांधली ती ओरेगन राज्याने, १९७१ साली. रस्त्याकडेला साचणाऱ्या बाटल्या आणि डब्यांचा वैताग हे त्याचं मोठं कारण होतं. ज्यांना बाटल्या परत करायच्या नव्हत्या पण फेकायच्याही नव्हत्या त्यांच्यासाठी काच गोळा करण्याचे सार्वजनिक डबे आले. ब्रिटनमधला असा पहिला डबा १९७७ मध्ये बार्न्स्ली इथे बसला.

बाटल्या फोडायचं यंत्र घ्यावं का?

आधी तुमच्याकडून काच घेणाऱ्याला विचारा, मग विक्रेत्याला. उलटं केलं की यंत्र कोपऱ्यात पडून राहतं.

यंत्राच्या बाजूने जागेचा मुद्दा फार मोठा आहे. पाऊण लिटरची, अर्धा किलो वजनाची बाटली घ्या. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट, म्हणजे या बाटलीत काच केवळ २०० मिलिलिटरची. बाकी सगळी रिकामी हवा आहे. ती फोडली की डब्यात जागाच जागा. तुमच्याकडे मागचं अंगण नसेल आणि गाडी आठवड्यातून एकदाच येत असेल, तर हा हिशेब पटतो.

विरुद्ध बाजूला चार गोष्टी. फोडलेली बाटली पुन्हा भरता येत नाही. रंग मिसळतात, तुकडे बारीक झाले तर वेगळे काढता येत नाहीत, म्हणजे ती काच बाटलीऐवजी रस्त्याच्या थरात किंवा भरावात जाते. काचेची धूळ उडते, म्हणून यंत्र झाकलेलं आणि हवा खेळती हवी. आणि आवाज. माझं मत विचाराल तर लहान बारला यंत्राची गरज क्वचितच असते, मोठ्या हॉटेलच्या तळघरात ते शोभतं.

महागड्या दारूच्या रिकाम्या बाटल्यांबद्दल वेगळं काही?

हो, आणि हे पर्यावरणापेक्षा वेगळंच प्रकरण आहे. नावाजलेल्या ब्रँडची रिकामी बाटली, मूळ झाकण आणि शाबूत लेबल यांना नकली दारू भरणाऱ्यांकडे गिऱ्हाईक असतं. अशी बाटली मागच्या दारातून गेली आणि पुढे कोणाला त्रास झाला, तर बोट आधी तुमच्याकडे वळतं.

म्हणून महागड्या बाटल्या मोजून कुलपात ठेवा, झाकणं वेगळ्या दिवशी वेगळ्या मार्गाने जाऊ द्या, आणि लेबलवर धारदार सुरीने दोन आडवे काप मारा. हाताने बाटली फोडायला कोणालाही सांगू नका. एक जोडफायदाही आहे. रिकाम्या बाटल्यांची संख्या रोज लिहिली की विक्री आणि साठा यांचा मेळ आपोआप तपासला जातो. बाटली संपली असं वहीत आहे, आणि रिकामी बाटली कुठेच नाही, तर काहीतरी गडबड आहे.

डबा केवढा घ्यावा?

वाटतं त्याहून लहान. २४० लिटरच्या चाकांच्या डब्यात वाइनच्या शंभर बाटल्या टाकल्या की पन्नास किलो झाले, वर डब्याचं वजन. असा डबा सपाट फरशीवर ढकलता येतो, उतारावर किंवा पायऱ्यांवर तो माणसाला घेऊन पडतो. शॅम्पेनच्या बाटल्या तर याहून जड. आत बाहेरच्या हवेच्या सहापटीपर्यंत दाब असल्याने त्यांची काच जाड ठेवतात, आणि एकेक बाटली आठ-नऊशे ग्रॅमची भरते. दोन लहान डबे एका मोठ्यापेक्षा बरे.

पिशव्या नकोत. काच पिशवी फाडते, आणि फाडताना जवळ माणसाची पोटरी असते.

शेजारी आवाजाची तक्रार करतात. काय करावं?

बाटल्या डब्यात ओतण्याचा आवाज मध्यरात्री लांबवर जातो, आणि लोक संगीतापेक्षा यावर जास्त चिडतात. संगीत निदान बंद होतं हे माहीत असतं. उपाय साधा आहे: रात्री बाटल्या क्रेटमध्ये उभ्या ठेवा, मोठ्या डब्यात ओतण्याचं काम सकाळी ठरलेल्या वेळी. डब्याच्या तळाला रबराची चटई घाला, पहिल्या दहा बाटल्यांचा आवाजच सर्वांत मोठा असतो. आमच्या एका शेजाऱ्याने तीन वेळा तक्रार केली होती. आम्ही वेळ बदलली, एवढ्याने चौथी आली नाही.

बर्फाच्या पेटीजवळ ग्लास फुटला तर?

सगळा बर्फ फेकायचा. निवडून उरलेला वापरू, असं कोणी म्हणालं तरी ऐकायचं नाही, कारण बर्फातला काचेचा तुकडा दिसत नाही. बर्फावर लगेच लाल सरबत ओता, म्हणजे घाईत दुसरा कोणी त्यातलं घेणार नाही. मग गरम पाण्याने वितळवून पेटी रिकामी करा, पुसून घ्या, हात फिरवून तपासू नका. हे तुकडे कागदात गुंडाळून सामान्य कचऱ्यात जातात. बर्फ, लिंबू आणि पेल्याची काच एकत्र झाली की तिला कोणीच घेत नाही.

सगळं समजावूनही मुलं चुकीच्याच डब्यात टाकतात.

बहुतेक वेळा दोष डब्याच्या जागेचा असतो. बारटेंडरचा उजवा हात रिकामी बाटली घेऊन जिथे आपोआप जातो, तिथे काचेचा डबा हवा. कचऱ्याचा डबा जवळ आणि काचेचा तीन पावलं लांब असेल, तर गर्दीच्या वेळी तीन पावलं कोणी चालत नाही. बाटलीच्या रुंदीएवढं गोल भोक असलेलं झाकण बसवा. बशी त्यातून जातच नाही, त्यामुळे सांगायची गरजही उरत नाही.

भिंतीवर लिहिलेली सूचना दुसऱ्या दिवशी दिसेनाशी होते. त्याऐवजी खरोखरची बाटली, बरणी आणि फुटका कप एका फळीवर चिकटवून 'हो' आणि 'नाही' लिहून ठेवा. नवा माणूस आला की त्याला दोन मिनिटं फळीसमोर उभं करा. भंगाराचे पैसे पाळीतल्या मुलांच्या चहापाण्याला लावता आले, तर उरलेलं काम ते पैसे करतात.

काच नेणाऱ्याला काय विचारावं?

काच पुढे कुठे जाते, हे पहिलं. बाटलीच्या कारखान्यात, काचतंतूच्या कारखान्यात की रस्त्याच्या भरावात? तिन्ही कचराभूमीपेक्षा बरे, कारण काच तिथे कुजत नाही, तशीच पडून राहते. पण फक्त पहिल्यात ती पुन्हा पुन्हा फिरते. मग विचारा, पैसे वजनावर की फेरीवर, रंगीत काच वेगळी दिली तर दर बदलतो का, आणि गाडी परत पाठवण्याचा निकष काय. शेवटचा निकष लेखी घ्या. तोंडी ठरलेला निकष दर वेळी बदलतो.

मेजवानीच्या रात्री एकदम पाचशे बाटल्या होतात. तेव्हा?

रिकामे क्रेट आधीच टेबलांच्या ओळीमागे, वाढप्यांच्या वाटेवर मांडून ठेवा, हॉलच्या टोकाला नाही. दर अर्ध्या तासाला एक माणूस भरलेले क्रेट मागे नेईल असं नाव लिहून ठरवा. पहाटे साफसफाई करणाऱ्याने गालिच्यावरची बाटली उचलावी लागली, तर समजा क्रेट चुकीच्या जागी होते. पुढच्या वेळी तो क्रेट तिथेच ठेवा, जिथे ती बाटली सापडली.